दीर्घ पल्ल्याच्या मोटारसायकल रॅलीतील मार्गनियोजन

दीर्घ पल्ल्याच्या मोटारसायकल रॅलीतील मार्गनियोजन म्हणजे ठरलेल्या मुदतीत अधिकाधिक गुण मिळवून देणारी स्थळे निवडणे, त्यांचा क्रम लावणे आणि प्रवास, थांबे व झोप यांचे वेळापत्रक आधीच आखणे होय. अशा रॅलीत सर्वांसाठी एकच आखीव मार्ग नसतो. आयोजक स्थळांची यादी आणि प्रत्येक स्थळाचे गुण देतात. कोठे जायचे आणि कोठे जायचे नाही हे प्रत्येक स्वार स्वतः ठरवतो. त्यामुळे या क्रीडाप्रकारात वेगापेक्षा निवडीला अधिक महत्त्व आहे. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा म्हणजे अमेरिकेतील आयर्न बट रॅली. प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः तिच्या स्वरूपावर आधारलेले आहे.

पार्श्वभूमी

पहिली आयर्न बट रॅली १९८४ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील मॉन्टगोमेरीव्हिल येथून निघाली. तिच्यात दहा स्वार सहभागी झाले होते. रॅलीच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘लोखंडी बैठक’ असा होतो. दिवसचे दिवस खोगिरावर बसून राहण्याच्या चिवटपणाकडे तो विनोदाने निर्देश करतो. ही रॅली अकरा दिवसांची असून तिच्यात सुमारे ११,००० मैल, म्हणजे सुमारे १७,७०० किलोमीटर अंतर कापले जाते. सरासरी काढल्यास हे अंतर दररोज १,६०० किलोमीटरांहून किंचित अधिक भरते. अलीकडच्या काळात ही रॅली एक वर्षाआड भरते. आयर्न बट असोसिएशन ही संस्था तिचे आयोजन करते.

याच संस्थेतर्फे लहान मुदतीचे प्रमाणित प्रवासही केले जातात. २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर अंतर कापण्याच्या प्रवासाला ‘सॅडलसोअर’ असे नाव आहे, तर ३६ तासांत १,५०० मैलांच्या प्रवासाला ‘बन बर्नर’ असे म्हणतात. या प्रवासांत अंतर आणि वेळ पावत्यांच्या आधारे सिद्ध करावी लागते. रॅलीत मात्र त्यापुढे जाऊन गुण मिळवायचे असतात. मार्गनियोजनाचा खरा प्रश्न तेथे उभा राहतो.

रॅलीची चौकट

रॅलीच्या आरंभापूर्वी स्वारांना रॅली पुस्तिका दिली जाते. तिच्यात बोनस स्थळांची यादी, प्रत्येकाचे गुण, तेथे पोहोचल्याचा पुरावा कसा द्यायचा आणि ते स्थळ कोणत्या वेळेत ग्राह्य आहे हे नमूद केलेले असते. एखाद्या स्मारकापुढे, जुन्या पुलापाशी किंवा दीपगृहापाशी रॅलीचा ध्वज ठेवून छायाचित्र काढणे आणि त्या वेळचे ओडोमीटरवरील आकडे नोंदवणे हा पुराव्याचा नेहमीचा प्रकार आहे. पुस्तिका हाती पडल्यापासून निघेपर्यंत स्वाराकडे बहुधा एक रात्रच असते. त्या रात्री जितका वेळ आखणीत जातो, तितकी झोप कमी होते.

नियोजनावर पुढील बंधने असतात :

१. चेकपॉइंटची वेळ. रॅली टप्प्यांत विभागलेली असते आणि टप्प्याच्या शेवटी ठरलेल्या वेळी चेकपॉइंटवर हजर राहावे लागते. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला गुण वजा होतात आणि दंडाची मुदत उलटल्यावर स्वार बाद ठरतो. ही मुदत सामान्यतः दोन तासांची असते.

२. बोनसच्या वेळा. काही स्थळे केवळ दिवसाच्या प्रकाशात ग्राह्य धरली जातात, काही विशिष्ट तासांतच उघडी असतात.

३. जोडबोनस. ठरावीक स्थळांचा संच पूर्ण केल्यास जादा गुण मिळतात. संचातील एक जरी स्थळ सुटले तरी ते हातचे जातात.

४. विश्रांती बोनस. ठरावीक तास एका ठिकाणी थांबल्याचे पावत्यांनी सिद्ध केल्यास गुण मिळतात.

५. इंधनाची मर्यादा. आयर्न बट रॅलीत मोटारसायकलवरील सर्व टाक्यांची मिळून क्षमता ११.५ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ४३.५ लिटर यापेक्षा अधिक असू शकत नाही.

गणिती स्वरूप

गणितातील ‘फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न’ सुपरिचित आहे. दिलेल्या सर्व गावांना एकेकदा भेट देऊन कमीत कमी अंतरात परत कसे यावे, असा तो प्रश्न होय. रॅलीतील प्रश्न त्याचा नातलग असला तरी वेगळा आहे. येथे सर्व गावांना भेट देणे शक्यच नसते. मर्यादित वेळेत कोणती गावे घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने घ्यावीत, म्हणजे गुणांची बेरीज सर्वाधिक होईल, असा हा दुहेरी प्रश्न आहे. गणितज्ञ त्याला ‘ओरिएंटिअरिंग प्रश्न’ म्हणतात. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात खुणा शोधण्याच्या खेळावरून हे नाव पडले. गोल्डन, लेव्ही आणि व्होरा यांनी १९८७ साली या प्रश्नाची मांडणी करून त्याचे काठिण्य दाखवून दिले. स्थळांची संख्या वाढत जाते तसे अचूक उत्तर काढण्याचे काम झपाट्याने आवाक्याबाहेर जाते.

या वाढीची कल्पना एका हिशेबावरून येते. चाळीस स्थळांतून दहा निवडण्याचे ८४ कोटी ७६ लाख ६० हजार ५२८ प्रकार होतात, आणि निवडलेल्या दहा स्थळांचे क्रम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतात. रॅली पुस्तिकेत चाळीसहून कितीतरी अधिक स्थळे असू शकतात. साहजिकच सर्वोत्तम मार्ग शोधणे हे स्वाराचे उद्दिष्ट नसते. उत्तम, साधा आणि निभावता येणारा मार्ग वेळेत शोधणे हेच त्याचे उद्दिष्ट असते.

नियोजनाच्या पायऱ्या

पहिली पायरी नकाशावर गुणांचे पुंजके ओळखण्याची. स्थळे नकाशावर मांडून गुणांनुसार त्यांना रंग दिले की कोठे दाटी आहे आणि कोठे मोठ्या गुणांचे एकटे स्थळ आहे हे दिसू लागते. त्यानंतर मार्गाचा सांगाडा ठरवतात. अमेरिकेतील आंतरराज्य महामार्गांची क्रमांकपद्धती यासाठी उपयोगी पडते. सम क्रमांकांचे मुख्य महामार्ग पूर्व–पश्चिम धावतात आणि त्यांचे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढतात. विषम क्रमांकांचे दक्षिण–उत्तर धावतात आणि त्यांचे क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढतात. हे जाळे डोक्यात पक्के असलेल्या स्वाराला नकाशा न उघडताही पर्यायी मार्गाचा अंदाज येतो.

दुसरी पायरी प्रत्येक स्थळाची खरी किंमत काढण्याची. नवखा स्वार गुणांकडे पाहतो, अनुभवी स्वार तासामागे किती गुण पडतात ते पाहतो. मार्गापासून ६० किलोमीटर आत असलेले ३०० गुणांचे स्थळ घ्यायचे, तर जाऊनयेऊन १२० किलोमीटर होतात. रस्ता डोंगराळ असून सरासरी वेग ६० किलोमीटर असेल, तर दोन तास प्रवासात आणि दहा मिनिटे छायाचित्रात जातात. त्याच वेळात महामार्गालगतची ८० गुणांची पाच स्थळे होत असतील, तर ३०० गुणांचा आकडा केवळ मोह ठरतो.

तिसरी पायरी वेळांचा मेळ घालण्याची. शिकागो किंवा लॉस एंजेलिससारखे महानगर सकाळ–संध्याकाळच्या गर्दीत ओलांडणे आणि पहाटे ओलांडणे यांत तासाभराचाही फरक पडू शकतो. अलास्का व हवाई वगळता अमेरिकेत चार कालविभाग आहेत. पूर्वेकडे जाताना घड्याळातील एकेक तास गळतो, पश्चिमेकडे जाताना मिळतो. ॲरिझोनाच्या बहुतांश भागात उन्हाळी वेळ पाळली जात नाही, मात्र त्याच राज्यातील नवाजो नेशनच्या प्रदेशात ती पाळली जाते. चेकपॉइंटची वेळ कोणत्या कालविभागानुसार आहे हे आखणीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चौथी पायरी थांब्यांचा हिशेब करण्याची. दिवसात १,६०० किलोमीटर जायचे असताना सरासरी वेग ताशी ९० वरून ९५ किलोमीटरवर नेला, तर सुमारे ५६ मिनिटे वाचतात. दिवसातील आठ थांब्यांपैकी प्रत्येक थांबा पाच मिनिटांनी आटोपशीर केला, तर ४० मिनिटे वाचतात. पहिल्या मार्गात धोका आणि दंडाची पावती यांची शक्यता आहे, दुसऱ्यात कोणताच धोका नाही. अकरा दिवसांत या ४० मिनिटांची बेरीज ७ तास २० मिनिटे होते, म्हणजे एका पूर्ण रात्रीची झोप.

इंधनाची आखणी याच हिशेबाचा भाग आहे. जादा टाकी बसवून ४३ लिटर इंधन नेणारी आणि लिटरला १८ किलोमीटर धावणारी मोटारसायकल एका भरणीत सातशेहून अधिक किलोमीटर जाऊ शकते. स्वाराला मात्र त्यापूर्वीच पाणी, अन्न आणि पाय मोकळे करणे यांसाठी उतरावे लागते. मोठ्या टाकीचा खरा लाभ असा, की पेट्रोल कोठे भरायचे हे स्वार ठरवतो, टाकी ठरवत नाही. पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या राज्यांत रात्री हा फरक निर्णायक ठरतो.

झोपेचे स्थान

वरील सर्व पायऱ्यांच्या आधी येणारा घटक म्हणजे झोप. नवख्याच्या आराखड्यात स्थळे आधी भरली जातात आणि उरलेल्या जागेत झोप बसवली जाते. प्रत्यक्षात जागा उरत नाही. अनुभवी स्वार वेळापत्रकात झोपेचे तास प्रथम लिहितात आणि उरलेल्या वेळेत स्थळे बसवतात. या क्रमामागे शास्त्रीय कारण आहे.

ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्यांचे हात–डोळ्यांचे समन्वयकौशल्य रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके घसरल्याचे आढळले. २४ तासांच्या जागरणानंतर ही घसरण सुमारे ०.१० टक्के मद्यार्काएवढी होती. भारतीय मोटार वाहन कायद्यानुसार वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. हान्स व्हॅन डोंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन आठवडे रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप घेणाऱ्यांची कार्यक्षमता पूर्ण जागरणाच्या एक–दोन रात्रींनंतर होते तितकी खालावली. त्या प्रमाणात आपण थकलो आहोत असे त्यांना मात्र वाटत नव्हते. याचा अर्थ, सहाव्या–सातव्या दिवशी ‘मला अजून झोप आलेली नाही’ या स्वतःच्या मतावर स्वाराने विसंबणे धोक्याचे असते. कोठे आणि किती वेळ झोपायचे हा निर्णय ताज्या मनाने आखणीच्या वेळीच घेतलेला बरा. आराखडा हे थकलेल्या स्वाराला ताज्या स्वाराने लिहून दिलेले आज्ञापत्र असते.

शरीराची लय पाहता मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. दुपारीही सुस्तीचा लहानसा काळ येतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर स्वाराविना धावलेले वाहन. मोटारीत अशी डुलकी कदाचित कडेच्या पट्ट्याच्या खडखडाटाने मोडते. दोन चाकांवर तेवढी सवलत नसते. कॉफी हा यावरील उपाय नव्हे. कॅफीनचा अंमल कित्येक तास टिकतो आणि पुढील थांब्यावरील झोप बिघडवतो.

एक उदाहरण

पुढील उदाहरणातील गुण काल्पनिक असून अंतरे ढोबळमानाने दिली आहेत. समजा, टप्पा सकाळी सहा वाजता डेन्व्हर येथे सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सॉल्ट लेक सिटी येथे संपतो. एकूण ३२ तास आहेत. किमान पाच तासांच्या विश्रांतीला ६०० गुण आहेत. वेळापत्रकात प्रथम झोपेचे सहा तास, मग थांब्यांचे दोन तास आणि राखीव दोन तास लिहिले, की प्रवासासाठी २२ तास उरतात.

पहिला पर्याय उत्तरेचा. डेन्व्हर ते माउंट रशमोर ६२० किलोमीटर, तेथून यलोस्टोनमधील ओल्ड फेथफुल हा उष्णोदकाचा फवारा ८०० किलोमीटर आणि तेथून सॉल्ट लेक सिटी ५१५ किलोमीटर. एकूण १,९३५ किलोमीटर आणि २,४०० गुण. डोंगराळ रस्ते आणि राष्ट्रीय उद्यानातील वेगमर्यादा धरता प्रवासालाच सुमारे २४ तास लागतात.

दुसरा पर्याय दक्षिणेचा. डेन्व्हर ते अल्बुकर्की ७२० किलोमीटर आणि तेथून मोॲबमार्गे सॉल्ट लेक सिटी सुमारे १,००० किलोमीटर. एकूण १,७२० किलोमीटर आणि २,००० गुण. प्रवासाला सुमारे साडेएकोणीस तास लागतात.

गुणांची केवळ बेरीज पाहिली तर उत्तरेचा पर्याय सरस वाटतो. मात्र त्यासाठी दोन तास कोठून तरी काढावे लागतात. ते झोपेतून काढले, तर झोप चार तासांवर येते आणि विश्रांतीचे ६०० गुण जातात. उत्तरेचे २,४०० राहतात आणि दक्षिणेचे २,६०० होतात. ते राखीव वेळेतून काढले, तर कागदावर ३,००० गुण दिसतात, परंतु हाताशी एक मिनिटही उरत नाही. यलोस्टोनच्या रस्त्यावर बायसनांचा कळप आडवा येणे ही नित्याची गोष्ट आहे. सकाळी सहाला निघालेला स्वार तेथे नेमका मध्यरात्रीच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे प्राणी दिसणे सर्वांत कठीण असते आणि मेंदू मंदावू लागतो तेव्हा.

दक्षिणेच्या मार्गाने तोच स्वार दुपारी अडीचच्या सुमारास अल्बुकर्कीत आणि रात्री दहाच्या सुमारास मोॲबमध्ये असतो. तेथे सहा तास झोपून पहाटे चारला निघाला, तरी नऊच्या आसपास तो चेकपॉइंटच्या गावी पोहोचतो. राखीव दोन तास बाजूला ठेवूनही अडीच तास शिल्लक राहतात. ते जवळच्या लहान बोनससाठी वापरावेत की झोप वाढवावी, हे पुढचा टप्पा पाहून ठरवता येते.

राखीव वेळ आणि वाटेतील बदल

कोणताही आराखडा जसाच्या तसा पार पडत नाही. पाऊस, पंक्चर, रस्त्याचे काम किंवा बंद पडलेला पेट्रोल पंप यांपैकी काहीतरी आडवे येतेच. म्हणून प्रत्येक टप्प्यात ‘गळवता येणारी’ स्थळे ठरवून ठेवतात. उशीर एका तासाचा झाला तर कोणते स्थळ सोडायचे आणि दोन तासांचा झाला तर कोणते, हे आधीच लिहिलेले असते. जोडबोनसमधील स्थळे अशी सोडता येत नाहीत. ती शक्यतो टप्प्याच्या पूर्वार्धात घेतात.

वाटेत नवे स्थळ जोडण्याचा मोह हा उलट प्रकारचा धोका होय. वेळेच्या पुढे असलेल्या स्वाराला वाचलेला तास रिकामा वाटतो. परंतु तो तास पुढील अडचणीची शिदोरी असतो. वाचलेल्या वेळेवर पहिला हक्क झोपेचा, दुसरा राखीव वेळेचा आणि तिसरा गुणांचा, असा क्रम लावल्यास निर्णय सोपा होतो.

साधने

पूर्वी कागदी नकाशे, रंगीत टाचण्या आणि वही यांवर आखणी होत असे. पुढे मायक्रोसॉफ्टचा ‘स्ट्रीट्स अँड ट्रिप्स’ हा संगणक कार्यक्रम स्वारांमध्ये लोकप्रिय झाला. तो बंद झाल्यानंतर गार्मिनचे ‘बेसकॅम्प’ व इतर कार्यक्रम वापरात आले. संगणक अंतर आणि क्रम झटपट काढतो. सरासरी वेग, थांब्याचा अवधी आणि झोपेचे तास हे आकडे मात्र त्याला स्वारानेच पुरवायचे असतात. आशावादी आकडे दिल्यास उत्तरही आशावादीच मिळते. त्यामुळे आपल्या पूर्वीच्या प्रवासांच्या नोंदींवरून स्वतःची खरी सरासरी काढणे हे कोणत्याही यंत्राइतकेच मोलाचे साधन आहे.

भारतातील संदर्भ

भारतातील रायडरही २४ तासांत १,६०० किलोमीटरांचे प्रमाणित प्रवास करतात. येथे सरासरी वेगाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. ताशी ९० किलोमीटर सरासरी मिळाल्यास १,६०९ किलोमीटरांना सुमारे १८ तास लागतात आणि सहा तास हाती राहतात. सरासरी ७५ वर आली, तर साडेएकवीस तास लागतात आणि पेट्रोल, जेवण व विश्रांती या सर्वांसाठी अडीच तासच उरतात. त्यामुळे येथे रस्त्याच्या निवडीला विशेष महत्त्व येते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, म्हणून मुंबईहून बेंगळुरूकडे निघणाऱ्या स्वाराला पुण्यापर्यंत जुना महामार्ग आणि त्यावरील घाटाची चढण हिशेबात धरावी लागते. पुढे सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी या मार्गावर मोठ्या शहरांची गर्दी कोणत्या वेळी गाठायची हे ठरवावे लागते. पावसाळ्यातील घाटरस्ते, गणेशोत्सवात मुंबई–गोवा महामार्गावर लोटणारी वाहने आणि रात्री दिव्यांवाचून उभे असलेले ट्रक हे घटक कोणत्याही संगणकीय अंदाजात आपोआप येत नाहीत. ते स्वारानेच मिळवावे लागतात.

मर्यादा

मार्गनियोजनाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. सार्वजनिक रस्त्यावर दीर्घकाळ वाहन चालवताना धोका स्वारापुरता मर्यादित राहत नाही. समोरून येणाऱ्याचाही त्यात वाटा असतो. म्हणूनच विश्रांतीला गुण देणे, पावत्यांवरून वेळा पडताळणे आणि शर्यतीची भाषा टाळणे यांकडे आयोजकांचा कल दिसतो. जो आराखडा स्वार थकल्यावरही पाळू शकेल, तोच चांगला आराखडा होय. त्यात सोडून दिलेल्या स्थळांची यादी घेतलेल्या स्थळांच्या यादीइतक्याच विचाराने केलेली असते.